मध्यमपदलोपी तूप

शुक्रवार : अर्विंगहून निघताना

मार्च संपत आला की टेक्सासमध्ये सगळे निळी फुलं बघायला निघतात. ब्लूबॉनेट त्यांचं नाव. हायवेच्या कडेला, कुरणांच्या कुंपणाच्या आतबाहेर, जिथे थोडी माती दिसेल तिथे ती उगवतात आणि आपले लोक मुलांना त्यांत बसवून फोटो काढतात. मला डॅलसजवळच्या अर्विंगला येऊन तीन वर्षं झाली होती आणि माझा असा एकही फोटो नव्हता. मला नकोही होता. कुमुदकाकूंना हवा होता.

कुमुदकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी राहते. त्या पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. लग्नानंतर नागपूरहून इथे आल्या, एका लॅबमध्ये रिटायर होईपर्यंत नोकरी केली. काका गेल्यापासून एकट्या असतात. दर रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या शाळेत मोठ्या मुलांना व्याकरण शिकवतात. त्या मराठीत विचारतात आणि मुलं इंग्लिशमध्ये उत्तर देतात, पण त्या मागे हटत नाहीत.

मी पुण्याची. इंग्लिश मीडियमची. दहावीला मराठी सेकंड लँग्वेज होती आणि समासाचा प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता. हे काकूंना पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्यांनी ते अजून सोडलेलं नाही.

चार-साडेचार तासांचा रस्ता. मी अमेरिकेत गाडी शिकले, त्यामुळे लेन बदलताना अजूनही श्वास रोखून धरते. काकू शेजारी दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाटेत आम्ही एका चेक लोकांच्या बेकरीत थांबलो. तिथे कोलाची नावाची गोल पावासारखी वस्तू मिळते, मधे जर्दाळूचं किंवा पीचचं सारण. काउंटरसमोर रांग होती. काकूंनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, पिठात काय घातलंय? ती म्हणाली, बटर. काकू म्हणाल्या, फक्त बटर? लार्ड, डुकराची चरबी, नाही? ट्रेला काय लावता? मुलगी आत विचारायला गेली. मागचे सहा-सात लोक टोप्या नीट करत उभे होते. मी काचेतल्या चीजकडे अशी बघत राहिले, जणू काही मी या बाईंबरोबर आलेच नव्हते.

"ट्रेला कॅनोला तेल," काकू गाडीत बसत म्हणाल्या. "खा आता. आणि तोंड असं काय करून राहिलीस? विचारल्याने जीभ झिजत नाही."

आम्ही फ्रेडरिक्सबर्गच्या बाहेर एका फार्मवर दोन रात्री राहणार होतो. हा भाग शे-दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या जर्मन लोकांचा. पांढऱ्या चुनखडीची घरं, पीचच्या बागा, दुकानांवर 'विलकोमेन' अशा स्वागताच्या पाट्या. फार्मच्या फाटकात रस्त्याला आडवे लोखंडी गज टाकलेले होते आणि खाली खड्डा. पूल मोडलाय असं समजून मी गाडी थांबवली आणि पाच मिनिटं तशीच बसले. मग घरातून एक उंच, वाकलेली म्हातारी बाई हात हलवत आली. ते गज गाईंसाठी होते. गाई त्यांच्यावर पाय ठेवत नाहीत, म्हणून फाटक उघडं टाकता येतं. "गाड्या मात्र जातात," बाई म्हणाल्या.

त्या मिस एल्सी. ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या खापरपणज्यापासून याच घरात. कुत्र्याशी जर्मनमध्ये बोलायच्या. मी त्याबद्दल काही विचारलं नव्हतं, पण काकूंनी लगेच विचारलं. मिस एल्सी म्हणाल्या, "इंग्लिश त्याला कळतं, पण ऐकत नाही."

शनिवार : बटाटे

इथून पुढे माझी चूक सुरू होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

सकाळी मागच्या पडवीत लाकडी टेबलावर नाश्ता लागला. घरचा पाव, पीचचा मुरंबा, आणि एका मोठ्या काळ्या तव्यात कांदा घालून परतलेले बटाटे, कडा कुरकुरीत. बुकिंगच्या फॉर्ममध्ये मी 'व्हेजिटेरियन' लिहिलं होतं, त्यामुळे आमच्या ताटांत सॉसेज नव्हतं.

काकूंनी चमचा उचलला आणि खाली ठेवला.

"आत जाऊन विचारून ये. बटाटे कशात परतलेत."

"काकू, मी फॉर्ममध्ये लिहिलंय."

"फॉर्मने बटाटे परतले का? त्या बाईंना विचार."

त्या स्वतः गेल्या असत्या, पण त्यांना मला पाठवायचं होतं. ते मला कळत होतं आणि त्यानेच जास्त अवघड वाटत होतं. मी आत गेले. मिस एल्सी पाठमोऱ्या उभ्या राहून भिंतीवरच्या जुन्या फोनवर बोलत होत्या, बहुधा मुलीशी, आणि खूप हसत होत्या. मी दारात उभी राहिले. त्यांनी वळून बघितलं असतं तर मी विचारलं असतं. त्या वळल्या नाहीत. हसणाऱ्या माणसाला मधे तोडायचं कसं, हे मला अजून जमत नाही.

स्टोव्हजवळच्या फळीवर काचेच्या दोन बरण्या होत्या. एकीवर कागदाची पट्टी, तिरप्या जुन्या अक्षरात. पहिली अक्षरं स्पष्ट होती, 'बटर'. पुढे एस, सी, एच असं बरंच काहीतरी जोडलेलं होतं. आत पिवळं, रवाळ. घरच्या तुपाची बरणी असते तशीच. माझी भीती एकदम ओसरली. बटर लिहिलंय, तुपासारखं दिसतंय, अजून काय हवं? मी बाहेर आले.

"विचारलंस ना?"

"हो. बटरमधले आहेत."

काकूंनी बटाटे खाल्ले. दोनदा घेतले. "काय खमंग झालेत गं," म्हणाल्या. "आपल्याला असे का होत नाहीत?" मग मिस एल्सींनी पावावर लावायला तीच पट्टीवाली बरणी आणली. काकूंनी झाकण काढून वास घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला आईची आठवण आली.

"अगं, हे तर साजूक तूप! व्हॉट डू यू कॉल धिस?"

"बुटरश्माल्ट्स," मिस एल्सी म्हणाल्या. "ती पट्टी माझ्या आजीच्या हातची आहे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "विचारलंयस ना तू? मग झालं." त्यांनी दोन बरण्या विकत मागितल्या. मिस एल्सी विकायला तयार नव्हत्या, पण द्यायला होत्या; आतून तशाच पट्टी लावलेल्या दोन बरण्या घेऊन आल्या. पुढच्या रविवारी मंडळाचा गुढीपाडवा होता. पुरणपोळ्यांची ऑर्डर बाहेर दिलेली, पण तूप दरवर्षी काकूंचं. या वर्षी पोळ्यांवर हेच पडणार, असं त्यांनी तिथेच ठरवलं. "आधी देवाला, मग सगळ्यांना. लोक विचारतील, हे तूप कुठलं?"

शनिवार दुपार : गुलाबी डोंगर

गावापासून वीसेक मैलांवर ग्रॅनाइटचा एक प्रचंड गोल डोंगर आहे. झाडं जवळजवळ नाहीत, नुसता गुलाबी दगड, हत्तीच्या पाठीसारखा. चढायला पायऱ्या नाहीत. दगडावरूनच सरळ चालत जायचं. काकू अर्ध्यावर एका सपाट जागी बसल्या आणि मला म्हणाल्या, तू वर जाऊन ये. वर वारा इतका होता की टोपी धरून ठेवावी लागली. खाली खुरट्या ओक झाडांचे ठिपके आणि त्यांच्यापलीकडे कुठे कुठे निळ्या फुलांचे डाग.

फार्मवर नेटवर्क नव्हतं. इथे वर एक दांडी आली. आईचा मेसेज आला. तिला उत्तर लिहिताना मला सकाळचा शब्द आठवला. स्पेलिंग नीट आठवेना, म्हणून शेवटचा तुकडा टाइप केला : श्माल्ट्स. पान अर्धवट उघडलं.

वितळवलेली चरबी. डुकराची, बदकाची किंवा कोंबडीची.

मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला गेले तेव्हा दांडी गेली होती.

बटर आणि श्माल्ट्स. लोणी आणि चरबी. दोन्ही एकत्र? की एकाचं दुसरं? आणि त्या दोन्ही बरण्या आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर, काकूंच्या शालीत गुंडाळलेल्या. पुढच्या रविवारी देवापुढे, मग शंभर लोकांच्या ताटात. त्यातले निम्मे तरी काकूंच्या भरवशावर डोळे मिटून खाणारे.

मी भराभर खाली उतरले. काकू दगडावर पाय पसरून दशमी खात होत्या.

"काकू, एक विचारू?"

"विचार. आज तुझा विचारायचा दिवस दिसतोय."

"दोन शब्द जोडून एक झाला, तर त्यांचं नातं कसं ओळखायचं?"

काकूंनी दशमी खाली ठेवली. "समास? तुला? ऊन लागलं का?" पण त्या खूश झाल्या होत्या. "विग्रह करायचा. आईवडील, म्हणजे आई आणि वडील. द्वंद्व. देवघर, म्हणजे देवाचं घर. तत्पुरुष. आणि पुरणपोळी?"

"पुरण आणि पोळी?"

"मग पुरण एकीकडे आणि पोळी एकीकडे वाढू का तुला? पुरण भरून केलेली पोळी. 'भरून केलेली' हे मधले शब्द गेले. मध्यमपदलोपी. साखरभात तसाच."

"पण नुसता शब्द बघून कसं कळणार, मधे काय गेलंय ते?"

"नाही कळत. ज्याने पदार्थ केलाय त्यालाच ते ठाऊक." त्यांनी मला दशमी दिली. "म्हणून तर म्हणते, विचारावं."

दशमी मी हातातच धरून ठेवली.

परतताना त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि आमचा निळ्या फुलांतला फोटो झाला. मी ज्या जागी बसले तिथे लाल मुंग्यांचं वारूळ होतं. फोटोत काकू हसताहेत आणि मी अर्धी उठलेली, घोटा धरून. खाज दोन दिवस राहिली. मला ते योग्यच वाटलं.

शनिवार संध्याकाळ : गावात

रात्री जेवायला आम्ही गावातल्या एका जर्मन रेस्टॉरंटमध्ये गेलो. काकूंनी वेटरला लाल कोबीबद्दल चार प्रश्न विचारले आणि चौथ्याला तो म्हणाला, हो, बेकन आहे. काकूंनी नुसते उकडलेले नूडल्स आणि काकडीचं सॅलड मागवलं. मला आज त्यांची लाज वाटली नाही. मला त्यांचा हेवा वाटत होता.

"तुला वाटत असेल, म्हातारी चक्रम आहे," त्या म्हणाल्या.

"नाही हो काकू."

"असू दे, वाटू दे. आम्ही नवीन होतो तेव्हाची गोष्ट. लॅबमध्ये दर शुक्रवारी सगळे काहीतरी घेऊन यायचे. एक मेक्सिकन बाई होती, फार चांगली. ती घोटलेले बीन्स आणायची. मला इतके आवडायचे! दोन वर्षं खाल्ले. घरी डब्यात भरून आणायची मी, तुझ्या काकांसाठी. मग एकदा तिला रेसिपी विचारली. पहिली ओळच लार्डची." त्या नूडल्स काट्याला गुंडाळत राहिल्या. "तिने फसवलं नव्हतं गं. मीच कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटायची, माझं इंग्लिश ऐकून लोक काय म्हणतील. त्या दिवसापासून विचारते. लाज अजून वाटते. तरी विचारते."

मी "एक मिनिट" म्हणून बाथरूममध्ये गेले. इथे नेटवर्क चांगलं होतं. यावेळी पूर्ण शब्द टाकला. एका ठिकाणी लिहिलं होतं, कढवलेलं लोणी. मी भिंतीला टेकले. खाली दुसरं पान होतं, कुणीतरी आपल्या घरची जुनी कृती दिलेली : लोणी आणि डुकराची चरबी निम्मी-निम्मी, मंद आचेवर.

म्हणजे शब्दकोशात तूप होतं. पण मिस एल्सींच्या आजीने शब्दकोश वाचून बरणी भरली असेल असं थोडंच आहे? काकू म्हणाल्या तेच खरं होतं. ज्याने केलंय त्यालाच विचारायला हवं होतं, आणि ते मी सकाळी आठ वाजताच, फुकटात, चार शब्दांत करू शकले असते.

टेबलाशी परत आले तेव्हा काकूंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, मुंग्या चावल्यात.

रविवार : दोन बरण्या

पहाटे जाग आली ती वाक्य पाठ करतच. एक्स्क्यूज मी, मिस एल्सी, व्हॉट एक्झॅक्टली इज इन द जार. 'एक्झॅक्टली' नको, संशय घेतल्यासारखं वाटतं. तो शब्द काढला, पुन्हा घातला. शेजारच्या खोलीत काकूंचा शॉवर सुरू झाला. त्यांची अंघोळ आणि मग स्तोत्र, म्हणजे वीस मिनिटं होती.

स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. बटाटे चिरून झाले होते. काळा तवा गॅसवर तापत होता. मिस एल्सी म्हणाल्या, "लवकर उठलीस, हनी." आणि हातातला चमचा त्यांनी फळीवरच्या एका बरणीत घातला.

पट्टी नसलेल्या बरणीत.

"वेट," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने म्हणाले की कुत्रा उठून उभा राहिला.

पाठ केलेलं वाक्य आठवलंच नाही. मी दोन्ही बरण्यांकडे बोट दाखवून म्हणाले, हे काय आहे, आणि ते काय आहे, प्लीज सांगा, मला काल विचारायचं होतं आणि मी विचारलं नाही.

त्यांनी गॅस बंद केला. मग त्यांनी जे सांगितलं ते इथे मराठीत देते. तो टेक्सासचा हेल माझ्याच्याने लिहिवणार नाही.

"श्माल्ट्स म्हणजे वितळवलेलं. एवढंच. वितळण्याला जर्मनमध्ये श्मेल्त्सन म्हणतात, त्याच्यातलाच तो शब्द. काय वितळवलं ते त्यात नाहीच. डुक्कर वितळवलं तर श्वाइनेश्माल्ट्स. हंस वितळवला तर गेन्झेश्माल्ट्स. लोणी वितळवलं तर हे." त्यांनी पट्टीवाली बरणी पुढे सरकवली. "दूध आपल्याच गाईंचं. लोणी काढायचं, मंद आचेवर ठेवायचं, फेस काढायचा, खाली बसलेलं टाकून द्यायचं. दुसरं काही नाही."

"मग वेगळं नाव कशाला?" मी विचारलं. एकदा तोंड उघडल्यावर दुसरा प्रश्न आपोआप आला, याचं मलाच नवल वाटलं.

त्या खुर्चीत बसल्या. "माझ्या आजोबांकडचे लोक जर्मनीच्या दक्षिणेचे, डोंगरातले. त्यांच्याकडे गाईच गाई. श्माल्ट्स म्हटलं की लोण्याचंच. आजी उत्तरेकडची. तिकडे श्माल्ट्स म्हणजे डुक्कर. लग्न झालं आणि एका स्टोव्हवर दोन बरण्या आल्या. आजोबा म्हणायचे, श्माल्ट्स दे, की आजी स्वतःचीच बरणी द्यायची. मुद्दाम, असं आजोबा म्हणायचे. शेवटी तिने त्यांच्या बरणीवर पट्टी लावली. बुटर. स्वतःच्या बरणीला नाही लावली. तिला कशाला हवी? ते तर नुसतं श्माल्ट्स." त्या हसल्या. "अख्ख्या जर्मनीत शब्द असाच झाला की नाही, ते मला विचारू नकोस. या घरात असा झाला."

घरी आल्यावर मी वाचलं. शब्द त्यांच्या आजीच्या कितीतरी आधीचा आहे. तरी मला तो त्याच स्वयंपाकघरातला वाटतो. आपण तरी काय केलं? काकू सांगतात, त्यांच्या आईच्या लहानपणी तूप म्हणजे तूपच होतं. बाजारात वनस्पती तुपाचे डबे आले आणि घरोघरी बायका 'साजूक' हा शब्द जपून, ठासून म्हणायला लागल्या. खऱ्याला नाव लावावं लागतं ते खोटं शेजारी येऊन बसल्यावर. आजीचं श्माल्ट्स खोटं नव्हतं म्हणा. ते फक्त आमचं नव्हतं.

तर तुपाचा प्रश्न सुटला होता. मला रडू येईल असं वाटलं. आणि तेवढ्यात माझी नजर त्यांच्या हातातल्या चमच्यावर गेली. तो अजून पट्टी नसलेल्या बरणीतच होता.

"काल बटाटे कशात केले होते?"

"यात," मिस एल्सी म्हणाल्या. "बटाटे नेहमी यातच." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पण सॉसेज मी दिलं नव्हतं ना?" आणि मग त्यांनी हात तोंडावर ठेवला. "ओ, हनी. त्या बाई."

त्यांना तशाच उठून काकूंकडे जायचं होतं. मी म्हटलं, नको, तुम्ही काही चुकीचं सांगितलं नाही. मला पाठवलं होतं आणि मी विचारलं नाही. मी सांगते.

त्यांनी काळा तवा बाजूला ठेवला, म्हणाल्या, या तव्याला साठ वर्षं तेच लागलंय, आणि कपाटातून एक नवा, चकचकीत तवा काढला. त्याला अजून दुकानाचा स्टिकर होता.

नाश्त्याला मी सांगणार होते. काकूंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "कालच्यासारखे नाही झाले. काल जास्त खमंग होते." माझं वाक्य तिथेच अडकलं.

रविवार : परतीचा रस्ता

फाटकाशी, त्या गजांच्या अलीकडे, मी गाडी थांबवली.

"परत थांबलीस? पूल नाहीये तो," काकू म्हणाल्या.

"काकू, काल मी विचारलं नव्हतं."

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. समोर बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. फोन, पट्टी, डोंगरावरचा शब्द, दुसरी बरणी, तवा.

"आज विचारलंस?" त्या म्हणाल्या.

"हो."

"या मागच्या बरण्यांत काय आहे?"

"लोणी. फक्त लोणी. त्या स्वतः कढवतात."

"गाडी चालव."

मी रेडिओ लावला नाही. बाहेर निळी फुलं तशीच होती, मैलच्या मैल, आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत नव्हतो. रेस्ट एरियात त्या उतरल्या आणि नळावर कितीतरी वेळ चुळा भरत राहिल्या. मी पदर सांभाळायला जवळ गेले तर हाताने दूर केलं. डबा उघडला नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं दोन घोट. मला वाटलं, आता या मला महिनाअखेरीला खोली रिकामी करायला सांगतील. मग वाटलं, ते बरं, न सांगता तशाच वागल्या तर जास्त वाईट.

डॅलसच्या इमारती लांबवर दिसायला लागल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "विग्रह कर."

"काय?"

"तो शब्द. जर्मन."

मला लेन बदलायची होती. मी बदलली नाही. "लोणी... वितळवून केलेलं श्माल्ट्स."

"समास?"

"मध्यमपदलोपी."

"हं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता तुझ्या कालच्या 'विचारलं'चा विग्रह मी करते. 'विचारायला गेले, बरणी बघितली, घाबरले आणि परत आले.' मधलं सगळं गाळलंस. राहिलं काय? विचारलं."

मी आरशात मागच्या बरण्यांकडे बघितलं.

"बटाट्यांचं जाऊ दे. बीन्स मी दोन वर्षं खाल्ले, मेले नाही. पण ते मी माझ्या लाजेने खाल्ले होते. हे तुझ्या लाजेने का खाऊ मी?" मग पाटीकडे बोट करून, "एक्झिट चुकवशील. उजवीकडे घे."

पाडवा

पुढच्या रविवारी शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा पाडवा झाला. गुढी स्टेजवर, रांगोळी कागदावर, कारण फरशीवर काढायला परवानगी नाही. सकाळी काकूंनी मिस एल्सींची बरणी देवापुढे ठेवली आणि पट्टी तशीच राहू दिली. मग मोठी पळी माझ्या हातात दिली.

"तूप तू वाढायचं. प्रत्येकाला सांगायचं, हे काय आहे आणि कशाचं आहे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचं. पट्टी वाचून नाही, तोंडाने."

शंभर लोकांची रांग. पहिल्या दोघांना मी इतक्या हळू सांगितलं की ते "काय?" म्हणाले. तिसऱ्यापासून आवाज निघाला. बुटरश्माल्ट्स. लोणी कढवून केलेलं. फ्रेडरिक्सबर्गजवळच्या एका बाईंच्या घरचं. "जर्मन तूप?" एक काका म्हणाले, "मग कोलेस्टेरॉलपण जर्मन, शिस्तीत वाढणार!" एका काकूंनी बोटाने चाटून बघितलं आणि वळून मैत्रिणीला म्हणाल्या, "अगं, हे आईच्या हातचं लागतं." एका मुलीने ताट मागे घेतलं. दहाएक वर्षांची असेल. "आर यू शुअर इट्स व्हेजिटेरियन?" तिची आई ओशाळली, "अगं, असं विचारतात का?" मी म्हटलं, असंच विचारतात. "येस. आय आस्क्ड हर."

रांग संपत आली तेव्हा सगळ्यांच्या मागे कुमुदकाकू उभ्या होत्या. दुसरी बरणी तळाला आली होती. ताटात पुरणपोळी, कोरडी. आठवडाभरात त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या. ताट त्यांनी छातीशी धरलं होतं, पुढे केलं नव्हतं.

"विचारलंस ना?" त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. "त्या म्हणाल्या, लोणी. दुसरं काही नाही. मी दोन्ही बरण्यांचं विचारलं."

त्यांनी ताट पुढे केलं.

"मग वाढ. आणि हात आखडू नकोस."